अंकांचा ध्यास आणि मनाचा तोल : ‘पाय’ या चित्रपटाच्या निमित्ताने



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांस आठवीत गणित शिकवीत असत. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराचे ग्रीक चिन्ह त्यांनी फळ्यावर काढले आणि ‘पाय’ असा उच्चार केला, तेव्हा सारा वर्ग हसला. मराठी मुलांना ते हसू आवरत नाही. गुरुजी रागावले नाहीत. ‘बावीस सप्तमांश ही केवळ सोय आहे; खरा पाय चालू लागला की थांबत नाही,’ एवढेच म्हणाले आणि दशांशचिन्हापुढील अंक लिहीत लिहीत फळ्याच्या कडेपर्यंत गेले. माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राने ते सारे अंक वहीच्या पुठ्ठ्यावर उतरवून घेतले. या लेखात त्या मित्राचा उल्लेख पुन्हा येईल. त्याचे नाव मी सांगणार नाही. ज्यांना ते ठाऊक आहे, त्यांनीही ते मनातच ठेवावे.

गणिताच्या शिक्षकाने व्याख्यानासाठी चित्रपटाचा विषय निवडावा, याचे काही श्रोत्यांस नवल वाटले. त्या दिवशी वेळेअभावी जे त्रोटक राहिले, ते येथे सविस्तर मांडतो.

‘पाय’ हा डॅरन ॲरोनॉफ्स्की या अमेरिकन दिग्दर्शकाचा पहिला मोठा चित्रपट. तो १९९८ साली प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी सनडान्स महोत्सवात त्यास दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. कोणत्याही बड्या निर्मितिसंस्थेचा त्यास आधार नव्हता. मित्र आणि नातेवाईक यांच्याकडून शंभर-शंभर डॉलर गोळा करून सुमारे ६०,००० डॉलरांत तो उभा राहिला. चित्रण कृष्णधवल आहे, पण आपल्या जुन्या चित्रपटांतील मवाळ करडेपणा त्यात नाही. काळे ते डांबरासारखे काळे आणि पांढरे ते डोळे दिपविणारे. काही प्रसंगी कॅमेरा नटाच्या अंगालाच बांधलेला आहे. त्यामुळे त्याचा चेहरा पडद्यावर स्थिर राहतो आणि भोवतालचे जगच हेलकावते. ज्याचा तोल ढळतो आहे त्यास जग कसे भासत असेल, हे इतक्या साध्या युक्तीने दाखविलेले मी अन्यत्र पाहिलेले नाही.

कथानायक मॅक्स कोहेन हा न्यूयॉर्कच्या चायनाटाउन भागात एका कोंदट खोलीत राहणारा एकाकी गणिती. सहाव्या वर्षी, आईने बजावूनही, तो सूर्याकडे टक लावून पाहत राहिला. दृष्टी गेली, पुढे परत आली. पण तेव्हापासून असह्य डोकेदुखी त्याच्या मागे लागली. खोलीभर तारा पसरलेला ‘युक्लिड’ नावाचा संगणक हाच त्याचा सोबती. निसर्गाची भाषा गणित आहे, तेव्हा सर्व घडामोडींच्या मुळाशी एखादी आकृती असलीच पाहिजे, या श्रद्धेने तो शेअरबाजाराच्या भावांत ती आकृती शोधतो. एके दिवशी युक्लिड बंद पडतो आणि बंद पडण्यापूर्वी २१६ अंकांची एक संख्या छापून जातो. मग बाजारातील धनवंतांची माणसे आणि धर्मग्रंथात ईश्वराचे नाव शोधणारा ज्यूंचा एक गट, असे दोन्हीकडून लोक त्याच्या मागे लागतात. भुयारी रेल्वेच्या स्थानकात त्यास उघडा मेंदू पडलेला दिसतो. यंत्राच्या आत मुंग्या शिरतात. यांतले खरे किती आणि भास किती, हे दिग्दर्शक शेवटपर्यंत सांगत नाही. आपण मॅक्सच्या डोक्यातच कोंडले जातो.

शेजारी राहणारी ‘देवी’ नावाची तरुणी मधूनमधून त्यास समोसे आणून देते. एवढ्या अंधाऱ्या चित्रपटात आपल्या ओळखीचे असे तेवढेच काय ते आहे! एक दोषही नोंदवतो. आरंभी पडद्यावर पायचे जे अंक धावतात, त्यांतील सुरुवातीचे काही सोडले तर पुढचे चूक आहेत. आमच्या गुरुजींनी तेवढ्यावर गुण कापले असते.

२१६ हा आकडा दिग्दर्शकाने हवेतून काढलेला नाही. हिब्रू लिपीत प्रत्येक अक्षरास अंकमूल्य असते; आपल्याकडील कटपयादी पद्धतीशी तुलना केली म्हणजे कल्पना येईल. ज्यूंच्या धर्मग्रंथातील ‘निर्गम’ या भागात लागोपाठ तीन वचने अशी आहेत की प्रत्येकात ७२ अक्षरे येतात. त्या तिन्हींतून एकेक अक्षर घेऊन तीन-तीन अक्षरांची ७२ नावे बनवितात. ७२ गुणिले ३ म्हणजे २१६. आता गंमत पाहा. २१६ हा ६ चा घन आहे. शिवाय ३, ४ आणि ५ या लगतच्या संख्यांच्या घनांची बेरीजही २१६ च येते. आपल्या जपमाळेचे मणी १०८. त्याची दुप्पट २१६. ऐकता ऐकता आपणांपैकी काहींच्या अंगावर शहारा आला असेल. यांतील घनांचा गुणधर्म हे गणित आहे; माळेच्या मण्यांशी लावलेला संबंध हा मी या क्षणी, केवळ मनोरंजनार्थ, जोडलेला आहे. दोन्हींचा शहारा मात्र सारखाच असतो, आणि सारी अडचण तेथेच आहे.

मॅक्सचे वृद्ध गुरू सोल यांनी आयुष्याची अनेक वर्षे पायच्या अंकांत आकृती शोधण्यात घालविली आणि पक्षाघाताचा झटका आल्यावर तो नाद सोडला. ते शिष्याला समजावतात की, तू २१६ शोधायला निघालास तर घराच्या पायऱ्यांपासून घड्याळाच्या सेकंदांपर्यंत तुला २१६ च दिसेल. शास्त्राची शिस्त सुटली की तू गणिती राहत नाहीस, अंकज्योतिषी होतोस. चित्रपटातील सर्वांत शहाणी व्यक्ती हीच. पाय ही संख्या अपरिमेय आहे, हे लॅम्बर्ट याने अठराव्या शतकात सिद्ध केले. बावीस सप्तमांशात १४२८५७ हे सहा अंक पुन्हा पुन्हा त्याच क्रमाने येतात. पायमध्ये असा कोणताही गट कायमचा घोळत राहत नाही. तरीही दशांशचिन्हानंतर ७६२ व्या स्थानापासून ओळीने सहा वेळा ९ येतो. ज्याला संदेश हवा आहे, त्याला तेथे संदेश मिळेल. अंकांची रांग पुरेशी लांब असली म्हणजे असे योगायोग घडल्यावाचून राहत नाहीत, हे समजण्यास संभाव्यताशास्त्र लागते. शहारा येण्यास काहीच लागत नाही.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे कोणी म्हणेल. पण अशी एक खरी हकीकत आपल्या रेल्वेमार्गावर घडून गेली आहे. बिहारमधील भोजपूर जिल्ह्यातील बसंतपूर गावचे वशिष्ठ नारायण सिंह हे विलक्षण बुद्धीचे गणिती. प्राध्यापक जॉन केली यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९६९ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. भारतात परतल्यावर कानपूरची आय.आय.टी., मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था येथे त्यांनी काम केले. १९७० च्या दशकात त्यांना स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, हा विकार जडला. रांचीजवळ कांके येथे त्यांच्यावर उपचार झाले. १९८९ च्या ऑगस्टमध्ये भावाबरोबर उपचारांसाठी प्रवास करीत असता ते खंडव्याच्या स्थानकावर गाडीतून उतरले आणि गर्दीत नाहीसे झाले. खंडवा! आपण लग्नकार्याला, बाजारहाटाला, कोर्टकचेरीला जातो तेच. १९९३ साली छपऱ्याजवळ डोरीगंज येथे ते अत्यंत हलाखीच्या स्थितीत सापडले. पुढे बंगळूर येथील ‘निम्हान्स’मध्येही उपचार झाले. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले आणि २०२० साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी आइन्स्टाइनचा सिद्धांत खोडून काढला, अशा आख्यायिका सांगितल्या जातात. त्या बाजूला ठेवाव्यात. त्यांचा प्रबंध आणि त्यांचे दुःख यांना अशा अलंकारांची आवश्यकता नाही.

ही टिपणे लिहिताना माझ्या ध्यानात आले की, वशिष्ठबाबू हरवले ते वर्ष १९८९ आणि ‘पाय’ प्रदर्शित झाला ते १९९८. दोन्हींत तेच चार अंक. क्षणभर माझाही हात थबकला. आठवड्याने वहीत आणखी वीस-पंचवीस सनावळ्या होत्या, त्यांतील कितीतरी कोठे ना कोठे जुळत होत्या, आणि मी हसून पान उलटले. मला पान उलटता आले. ते ज्याला उलटता येत नाही त्याच्याकडे बुद्धी, निष्ठा किंवा चारित्र्य यांपैकी काही कमी असते, असे मात्र नाही.

आता त्या मित्राकडे येतो. तो बाहेरगावी शिकावयास गेला आणि विसाव्या-एकविसाव्या वर्षी शिक्षण अर्धवट टाकून परत आला. घरी यंत्रमाग होते. मागांच्या खटखटीतून आपणास संख्या कळविल्या जातात, असे तो सांगू लागला. रात्र रात्र मागांच्या शेडमध्ये बसून वह्या भरू लागला. ही गोष्ट बाहेर पसरली, तेव्हा सर्वांत आधी आले ते मटकेवाले.

मटक्याचा इतिहास आपल्या कापसाच्या गावाने माहीत करून घ्यावा असा आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडते आणि बंद होते भाव मुंबईस येत, आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६१ साली ते भाव येणे बंद झाले. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतःचा आकडा काढण्याची रीत सुरू केली. कापूस गेला, ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द राहिले. मॅक्सच्या मागे लागलेली शेअरबाजाराची माणसे पडद्यावर पाहिली, तेव्हा मला अनोळखी असे काहीच वाटले नाही. वेड्याच्या तोंडून आकडा निघतो, अशी समजूत आहे. चहाचा पेला पुढे करून ती माणसे माझ्या मित्रापाशी बसत आणि तो जे पुटपुटे ते टिपून घेत. एकदा एक आकडा लागला. त्यानंतर महिनाभर त्या घरापुढे रांग होती. ज्याला शांत झोपेची गरज होती, त्याला मध्यरात्री उठवून आकडा विचारीत.

आणि शहाण्यांनी काय केले? ‘गणिताने डोके फिरले’ असे सगळे म्हणाले. मी तेव्हा नुकताच शिक्षक झालो होतो, म्हणून त्याच्या आईने मला विचारले. मीही तेच सांगितले आणि गणिताची पुस्तके घरातून काढून टाकण्याचा सल्ला दिला. ती रद्दीत गेली. पुठ्ठ्यावर पायचे अंक लिहिलेली वहीसुद्धा. विकार गेला नाही. पुस्तके होती तोवर तो निदान कागदावर लिहीत होता; पुढे भिंतीवर लिहू लागला. भगत झाले, ताईत झाले. मनोविकारतज्ज्ञाकडे नेईपर्यंत चार वर्षे लोटली. त्या चार वर्षांत माझा वाटा आहे.

त्या वेळी मला जे ठाऊक नव्हते ते आज कोणत्याही डॉक्टरांकडून कळेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे तीनशे माणसांमागे एकास स्किझोफ्रेनिया असतो. तो बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत डोके वर काढतो. नेमक्या त्याच वयात हुशार मुले अवघड अभ्यासाला लागलेली असतात, म्हणून अभ्यासावर आळ येतो. आनुवंशिकता, मेंदूतील रासायनिक व्यवहार, परिस्थिती यांचा गुंता त्यामागे असतो. समीकरणे सोडविल्याने तो होत नाही. विकार आपली सामग्री हाती लागेल तेथून उचलतो. भाविकाला देव बोलताना ऐकू येतो, गणित्याला अंक. उपचार जितके लवकर, तितका माणूस अधिक हाती लागतो. २००४ साली आलेल्या ‘देवराई’ या मराठी चित्रपटात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी हाच विकार मांडला आहे. तेथे नायकाच्या मनात देवराई घोळते. अतुल कुलकर्णी यांनी ती भूमिका केली आहे. ‘पाय’ आपणास रोग्याच्या डोक्यात कोंडतो, ‘देवराई’ त्याच्या बहिणीच्या शेजारी आणून बसविते. कलाकृती म्हणून ‘पाय’ अधिक धारदार असेल. पण तेव्हा ‘देवराई’ पाहावयास मिळाला असता, तर त्या माउलीला मी निराळे उत्तर दिले असते.

आपल्याच मार्गावर, नाशिकजवळ, देवळाली आहे. ब्रिटिश अमदानीत मुदत संपलेले गोरे शिपाई तेथील छावणीत बोटीची वाट पाहत खितपत पडत. उकाडा, रिकामपण आणि ताप यांनी त्यांची डोकी फिरत, म्हणून ‘डूलाली टॅप’, म्हणजे देवळालीचा ताप, हा वेडासाठी शब्द इंग्रजीत रूढ झाला. त्याच देवळालीत १९३० ते १९६२ पर्यंत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक शाळेत शिकवीत होते. जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. शिक्षण पुण्याच्या फर्गसन महाविद्यालयात. पदव्युत्तर शिक्षण नाही, संशोधनसंस्थेचा आधार नाही. स्वखर्चाने पुस्तिका छापीत. कित्येक विद्वान त्यांच्या कामास पोरखेळ समजत. अंकांच्या बाबतीत आपली अवस्था मद्यप्यासारखी आहे, त्या धुंदीतून बाहेर यावेसे वाटत नाही, अशा आशयाचे त्यांनी स्वतःच म्हटले आहे. मॅक्सही याहून वेगळे काय सांगतो?

त्यांचा सुप्रसिद्ध स्थिरांक ६१७४. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. सर्व अंक सारखे नसावेत एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, आणि उत्तरावर तीच क्रिया करा. चित्रपटाचे वर्ष १९९८ घेऊ. ९९८१ वजा १८९९ म्हणजे ८०८२. ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च. अधिकात अधिक सात पायऱ्यांत तेथे पोहोचतोच. यात चमत्कार नाही. उत्तर फक्त दोन फरकांवर ठरते : सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकाची ९९९ पट आणि मधल्या दोन अंकांतील फरकाची ९० पट, यांची बेरीज. त्यामुळे पहिल्याच वजाबाकीनंतर हजारो संख्यांची अवघी ५४ उत्तरे उरतात, आणि त्या ५४ वाटा तपासणे आठवीच्या मुलालाही शक्य आहे. कापरेकरांना १९४६ च्या सुमारास हे गवसले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला त्यांची ओळख झाली. १९८६ साली ते वारले.

कापरेकर आपल्या संख्यांकडून बाजारभाव मागत नव्हते, ईश्वराचे नाव मागत नव्हते. मिळेल ते परिषदेत, पत्रांत, वर्गात वाटून टाकीत. मॅक्सपाशी असा कोणी ऐकणारा नव्हता, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. पण तो ताणून, कापरेकर निर्मोही म्हणून शाबूत राहिले, असे म्हणण्यास मी धजत नाही; कारण मग वशिष्ठबाबूंच्या आजाराचा दोष त्यांच्याच माथी येतो. मनाचे आरोग्य हे सद्गुणाचे पारितोषिक नव्हे.

चित्रपटाच्या शेवटाविषयी माझी तक्रार याच कारणाने आहे. मॅक्स यंत्राने स्वतःच्याच कवटीला भोक पाडतो. ते पाहताना मला आपला असीरगडावरचा अश्वत्थामा आठवला. कपाळावरचा मणी काढून घेतलेला, जखमेवर तेल-हळद मागत फिरणारा. ज्याला अस्त्र सोडण्याची विद्या आली, ते आवरण्याची आली नाही. नंतरच्या दृश्यात मॅक्स बागेत बसला आहे. शेजारची छोटी मुलगी नेहमीप्रमाणे हातात गणकयंत्र घेऊन त्याला विचारते : ७४८ भागिले २३८ किती? एरवी क्षणात उत्तर देणारा मॅक्स, ठाऊक नाही म्हणतो, हसतो आणि झाडाच्या पानांकडे पाहत राहतो. गणित गेले आणि शांती आली, असा त्याचा अर्थ बहुतेक प्रेक्षक घेतात. पुस्तके रद्दीत देण्याचा माझा सल्ला तो हाच.

माझा मित्र नियमित औषध घेतो. भावाच्या कापडाच्या दुकानात हिशेब पाहतो. हात थोडे थरथरतात, बोलणे सावकाश असते. व्याख्यानाच्या आदल्या संध्याकाळी मी त्यास हे शेवटचे दृश्य सांगितले. त्याने बिलाची पाठ उलटी केली, दोन्ही संख्यांना ३४ ने भाग दिला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

‘बावीस सप्तमांश,’ तो म्हणाला. ‘हा पाय नव्हे. गुरुजींनी सांगितले होते.’